जैवइंधन आणि भू-वापरातील बदल : कार्बन उत्सर्जनाचा अंदाज कसा करावा? (सौंसर-पांढुर्णा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम भारतात जानेवारी २००३ मध्ये सुरू झाला. त्या वेळी ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. २००९ व २०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरणे आली. २०१८ च्या धोरणात २० टक्के मिश्रणासाठी २०३० हे वर्ष धरले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२५-२६ वर आणली गेली. जून २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण साधले गेले. आरंभी हे इथेनॉल मुख्यतः उसाच्या मळीपासून येत असे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने मर्यादा घातल्या आणि २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला.

मक्याचा हा प्रश्न सौंसर व पांढुर्णा या भागाला जवळचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी भाषक पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर तहसील त्यात आली. सातपुड्याच्या दक्षिण उताराची ही काळी जमीन संत्रा, कपाशी, तूर व सोयाबीन यांसाठी ओळखली जाते. लगतचा छिंदवाडा जिल्हा मक्यासाठी मध्य प्रदेशात अग्रेसर आहे. मक्याला कारखान्याची मागणी वाढली की शेतकऱ्यापुढे सरळ प्रश्न येतो : सोयाबीनच्या जागी मका घ्यावा का? जुनी संत्र्याची बाग काढून मका घ्यावा का? पडीत रान नांगरावे का? या तिन्ही निर्णयांचा शेतकऱ्याच्या हिशेबावर जसा परिणाम होतो, तसाच वातावरणातील कार्बनच्या हिशेबावरही होतो. प्रस्तुत लेखात हा दुसरा हिशेब कसा मांडतात, त्यात कोणती गृहीतके असतात आणि महाविद्यालयाच्या पातळीवर तो कितपत करता येतो, याचे विवेचन केले आहे.

मूळ संकल्पना

इथेनॉल जळल्यावर जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो पिकाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून इंधन जळण्याचे उत्सर्जन शून्य धरण्याची प्रथा आहे. नांगरट, खते, वाहतूक व कारखान्यातील इंधन यांचे उत्सर्जन मात्र मोजले जाते. नत्रखतांपासून निघणारा नायट्रस ऑक्साइड वायूही यात येतो. एवढ्यावर थांबले तर हिशेब अपुरा राहतो, कारण ज्या जमिनीवर ते पीक उभे राहिले त्या जमिनीत आधी काय होते, हे त्यात येत नाही.

जमिनीतील कार्बन पाच साठ्यांत विभागलेला असतो : जमिनीवरील झाडोरा, जमिनीखालील मुळे, वाळलेले लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय कार्बन. बाग तोडली किंवा रान नांगरले की यांतील काही भाग जळून वा कुजून हवेत जातो. याला भू-वापर बदलाचे उत्सर्जन म्हणतात. ते दोन प्रकारचे असते. ज्या शेतात इंधनाचे पीक घेतले त्याच शेतात झालेला बदल हा प्रत्यक्ष बदल होय. इंधनाच्या पिकाने अन्न वा चाऱ्याचे पीक हटवले आणि ती तूट भरण्यासाठी दुसरीकडे, कदाचित दुसऱ्या देशात, नवी जमीन लागवडीखाली आली, तर तो अप्रत्यक्ष बदल होय. पहिला मोजता येतो. दुसऱ्याचा केवळ अंदाज करता येतो.

या विषयाला चालना मिळाली ती २००८ मध्ये. त्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. फार्जिओनी व सहकाऱ्यांनी ‘कार्बनचे कर्ज’ ही कल्पना मांडली : जमीन मोडताना एकदाच होणारे मोठे उत्सर्जन हे कर्ज आणि जैवइंधनामुळे दरवर्षी होणारी बचत हा त्याचा हप्ता. त्यांच्या हिशेबाने ब्राझीलच्या सेराडो भागात उसासाठी जमीन मोडली तर कर्ज १७ वर्षांत फिटते. अमेरिकेतील गवताळ प्रदेश मक्यासाठी मोडला तर ९३ वर्षे लागतात. आग्नेय आशियातील दलदलीच्या पीट जमिनीवरील जंगल ताडतेलासाठी तोडले तर ४०० वर्षांहून अधिक. सर्चिंगर व सहकाऱ्यांनी अप्रत्यक्ष बदल हिशेबात घेतला आणि अमेरिकेतील मक्याच्या इथेनॉलमुळे ३० वर्षांत उत्सर्जन घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट होते, असा निष्कर्ष काढला.

अंदाजाची पद्धत

प्रत्यक्ष बदलासाठी हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाची (आयपीसीसी) २००६ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि त्यांची २०१९ ची सुधारणा जगभर वापरली जाते. त्यांत जमिनीचे सहा वर्ग आहेत : वन, शेती, गवताळ, पाणथळ, वस्ती व इतर. बदलापूर्वीचा कार्बन साठा उणे बदलानंतरचा साठा, हे मूळ सूत्र. येणारा फरक टन कार्बनमध्ये असतो. त्याला ४४/१२ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे टन मिळतात, कारण कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ आहे.

मातीसाठी वरच्या ३० सेंटिमीटरचा थर धरतात. मूळ नैसर्गिक स्थितीतील संदर्भ साठ्याला तीन गुणकांनी गुणले जाते : जमिनीचा वापर, मशागतीची पद्धत आणि मातीत परत जाणाऱ्या काडीकचऱ्याचे प्रमाण. बदलानंतर माती नव्या समतोलाला येण्यास २० वर्षे लागतात असे मानतात.

एकदाच होणारे उत्सर्जन इंधनाच्या प्रत्येक एककावर वाटण्यासाठी काही वर्षे ठरवावी लागतात. युरोपीय संघ २० वर्षे धरतो, अमेरिकेत ३० वर्षे धरतात आणि आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या ‘कॉर्सिया’ योजनेत २५ वर्षे. ही निवड विज्ञानाने ठरत नाही, ती धोरणाची आहे. पण उत्तर मात्र तिच्यावर अवलंबून असते.

सौंसरच्या शेतावर एक उदाहरण

खालील हिशेब अध्यापनासाठी आहे. त्यातील पीक उत्पादन व कारखान्याचे उत्सर्जन ही गृहीतके असून विद्यार्थ्यांनी तेथे स्थानिक आकडे घालावेत.

एक हेक्टर मक्याचे उत्पादन ३ टन धरू. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल मिळते, हा आकडा नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही आहे. म्हणजे १,१४० लिटर. एका लिटरात सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणून हेक्टरी ऊर्जा सुमारे २४,००० मेगाज्यूल. पेट्रोलसारख्या खनिज इंधनाचे उत्सर्जन युरोपीय संघाच्या मानकानुसार मेगाज्यूलला ९४ ग्रॅम आहे. शेती, वाहतूक व कारखाना मिळून इथेनॉलचे उत्सर्जन ६० ग्रॅम गृहीत धरले, तर बचत ३४ ग्रॅम होते. हेक्टरी वार्षिक बचत येते सुमारे ०.८२ टन कार्बन डायऑक्साइड. हा झाला हप्ता. आता कर्जाची तीन उदाहरणे पाहू.

१) सोयाबीनच्या जागी मका : दोन्ही वार्षिक पिके, शेत तेच. प्रत्यक्ष बदलाचे उत्सर्जन शून्य धरले जाते. मशागत व काडीकचरा यांतील फरक असला तर तो किरकोळ असतो.

२) संत्र्याची बाग काढून मका : बाग व मका दोन्ही ‘शेती’ याच वर्गात येतात, त्यामुळे केवळ वर्ग पाहणाऱ्याच्या नजरेतून हा बदल सुटतो. पण बागेत लाकडाचा साठा असतो. २००६ च्या तत्त्वांत बहुवर्षीय वृक्षपिकांसाठी उष्ण कटिबंधीय कोरड्या प्रदेशात हेक्टरी ९ टन कार्बन हा सर्वसाधारण आकडा दिला आहे. ९ × ४४/१२ = ३३ टन कार्बन डायऑक्साइड. ०.८२ ने भागले तर परतफेडीला ४० वर्षे लागतात. २० वर्षांवर वाटले तर मेगाज्यूलला सुमारे ६९ ग्रॅम, ३० वर्षांवर वाटले तर ४६ ग्रॅम. मूळच्या ६० ग्रॅममध्ये हे मिळवल्यास दोन्ही वेळा बेरीज ९४ च्या वर जाते. मातीतील घट अजून धरलेलीच नाही. म्हणजे अशा बागेच्या जागी आलेला मका पेट्रोलपेक्षा बरा ठरत नाही.

येथे हवामानाच्या सीमेचा मुद्दा येतो. आयपीसीसीच्या वर्गीकरणात उष्ण कटिबंधीय कोरडा व दमट प्रदेश यांच्यातील रेषा वार्षिक १,००० मिलीमीटर पावसाची आहे. नागपूरची सरासरी याच्या थोडी वर आहे आणि सौंसर-पांढुर्णा भाग या रेषेच्या आसपास येतो. दमट प्रदेश मानला तर वृक्षपिकांचा आकडा ९ ऐवजी २१ टन होतो, कर्ज ७७ टन आणि परतफेड ९४ वर्षे. शेत तेच, बाग तीच. नकाशावरील एका रेषेने उत्तर दुपटीहून अधिक बदलते.

३) गवती पडीत रान नांगरून मका : येथे मातीचा कार्बन मुख्य आहे. काळी माती ही ‘अधिक क्रियाशील चिकणमाती’ या गटात मोडते. २००६ च्या तत्त्वांत कोरड्या प्रदेशात तिचा संदर्भ साठा हेक्टरी ३८ टन आणि दीर्घकाळ लागवडीचा गुणक ०.५८ होता. घट ३८ × ०.४२ = सुमारे १६ टन कार्बन, म्हणजे ५८.५ टन कार्बन डायऑक्साइड. परतफेड ७१ वर्षे. २०१९ च्या सुधारणेत अधिक मोजमापांच्या आधारे संदर्भ साठा २१ टन व गुणक ०.९२ करण्यात आला. घट २१ × ०.०८ = १.६८ टन कार्बन, म्हणजे सुमारे ६ टन कार्बन डायऑक्साइड. परतफेड साडेसात वर्षे. २० वर्षांवर वाटल्यास पहिल्या हिशेबाने मेगाज्यूलला १२२ ग्रॅम, दुसऱ्याने १३ ग्रॅम. पहिला हिशेब जैवइंधनाच्या पूर्ण विरोधात जातो, दुसरा बाजूने. शेतात काहीच बदललेले नाही. बदलला तो फक्त संदर्भ तक्ता.

तिसरे उदाहरण शिक्षकांनी वर्गात अवश्य घ्यावे. एकाच प्रश्नाची दोन अधिकृत उत्तरे का येतात, हे त्यातून कळते आणि स्थानिक मोजमापाची गरज कोणत्याही उपदेशाविना पटते.

स्थानिक मोजमाप : काय करता येईल?

मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली. त्या पत्रिकेत सेंद्रिय कार्बनची टक्केवारी असते. हेक्टरी साठा काढण्याचे सूत्र सोपे आहे : टक्केवारी × मातीची घनता × थराची खोली सेंटिमीटरमध्ये. उदाहरणार्थ, ०.५ टक्के कार्बन, घनता १.३ आणि खोली ३० सेंटिमीटर असल्यास साठा १९.५ टन येतो. आता लागवडीखालील जमिनीसाठी वरील तक्त्यांचे आकडे पाहा : २००६ नुसार ३८ × ०.५८ = २२ टन, २०१९ नुसार २१ × ०.९२ = १९.३ टन. दोन्ही १९.५ च्या जवळच आहेत. याचा अर्थ, आजच्या शेताची माती कितीही काळजीपूर्वक तपासली तरी त्यावरून कोणता तक्ता खरा ते ठरत नाही. वाद आहे तो नांगरण्यापूर्वीच्या साठ्याविषयी. म्हणून एकाच प्रकारच्या मातीवरील दोन लगतच्या जागा, म्हणजे जुने शेत व कधीही न नांगरलेले रान, यांची जोडीने तपासणी करावी लागते. अशा जोड्या गावोगाव सापडतात आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना हे काम झेपणारे आहे.

या कामात चार खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिली, मृदा आरोग्य पत्रिकेचा नमुना साधारण वरच्या १५ सेंटिमीटरचा असतो. खाली कार्बन कमी होत जातो, त्यामुळे तीच टक्केवारी ३० सेंटिमीटरला लावल्यास साठा फुगतो. दुसरी, काळी माती ओलीने फुगते व वाळल्यावर भेगाळते, म्हणून घनता दोन्ही जागी एकाच हंगामात व सारख्या ओलाव्यावर मोजावी. तिसरी, या मातीत चुनखडीचे खडे असतात. त्यांतील कार्बन सेंद्रिय नव्हे, तो हिशेबात येता कामा नये. चौथी, वॉकली-ब्लॅक या प्रचलित पद्धतीत सर्व सेंद्रिय कार्बनचे ज्वलन होत नाही, म्हणून दोन्ही नमुन्यांना एकच पद्धत व एकच दुरुस्ती लावावी.

भू-वापर आधी काय होता, यासाठी इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील २००५-०६, २०११-१२ व २०१५-१६ चे भू-वापर नकाशे उपयोगी पडतात. मात्र त्यांचे प्रमाण १ : ५०,००० असल्याने लहान बागा त्यांत नीट दिसत नाहीत. तेथे पटवाऱ्याकडील खसरा नोंदी आणि गावातील वडीलधाऱ्यांची माहिती यांची जोड द्यावी लागते.

‘पडीक’ म्हणजे रिकामी नव्हे

२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची (मध्य प्रदेशात रतनजोत) मोठी योजना सुचवली होती. सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टर जमिनीवर लागवड करून डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण करावे, अशी ती कल्पना होती. जमीन पडीक आहे, म्हणून अन्नधान्याशी स्पर्धा नाही आणि भू-वापर बदलाचे उत्सर्जनही नाही, हे तिचे मुख्य गृहीतक होते. उत्पादन अपेक्षेपेक्षा फार कमी आले व योजना मागे पडली. पण गृहीतकाची तपासणी आजही उपयोगाची आहे.

मध्य प्रांताच्या जुन्या महसुली नोंदींत ‘छोटे झाड का जंगल’, ‘बडे झाड का जंगल’ व चराई असे प्रकार आढळतात. विदर्भात याच स्वरूपाच्या जमिनीला ‘झुडपी जंगल’ म्हणतात. ती वनजमीन आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. कागदावर पडीक दिसणाऱ्या अशा जमिनीवर गुरे चरतात, सरपण मिळते आणि मातीत कार्बन असतो. ती इंधनाच्या पिकाखाली गेली की गुरे दुसऱ्या रानात जातात व तेथील झाडोरा कमी होतो. हाही अप्रत्यक्ष बदलच, फक्त तो सातासमुद्रापलीकडे न होता शेजारच्या टेकडीवर होतो. त्याचा भार बहुधा ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही अशा कुटुंबांवर पडतो.

अप्रत्यक्ष बदलाचा अंदाज

आता पहिल्या उदाहरणाकडे परत वळू. सोयाबीनच्या जागी मका घेतला तर प्रत्यक्ष उत्सर्जन शून्य. पण सोयाबीन कमी झाले म्हणजे खाद्यतेल कमी झाले. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो व त्यात इंडोनेशिया-मलेशियाच्या ताडतेलाचा वाटा मोठा आहे. तसेच इथेनॉलसाठी मका वळल्यामुळे कोंबडीखाद्याची मागणी अपुरी राहते. एरवी मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये आयात करणारा देश झाला, ही घटना याच साखळीतील आहे. दुसऱ्या बाजूला, एक टन मक्यापासून इथेनॉल काढल्यावर सुमारे ३०० किलो प्रथिनयुक्त चोथा (डीडीजीएस) उरतो. तो पशुखाद्यात सोयापेंडीची जागा घेतो आणि त्या प्रमाणात जमिनीवरील दाब कमी करतो. दोन्ही बाजू धरल्याविना हिशेब पुरा होत नाही.

ही साखळी शेतात जाऊन मोजता येत नाही. त्यासाठी जागतिक व्यापाराची आर्थिक प्रतिमाने वापरतात. मागणी वाढली तर किंमत किती वाढेल, त्यामुळे उत्पादकता किती वाढेल, खप किती घटेल आणि नवी जमीन किती व कोठे मोडली जाईल, अशा गृहीतकांवर ती उभी असतात. म्हणून एकाच पिकाचे आकडे फार वेगळे येतात. मक्याच्या इथेनॉलसाठी सर्चिंगर यांचा २००८ चा अंदाज मेगाज्यूलला १०४ ग्रॅम होता. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने २००९ मध्ये ३० ग्रॅम धरले आणि २०१५ मध्ये ते १९.८ वर आणले. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशात तृणधान्यांसाठी १२ ग्रॅम, साखरेच्या पिकांसाठी १३ आणि तेलबियांसाठी ५५ ग्रॅम आहेत. २०२२ मध्ये लार्क व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रत्यक्ष लागवडीच्या नोंदींवरून मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी कार्बनचे नाही, बहुधा २४ टक्के अधिकच आहे, असे मांडले. त्यावर अन्य संशोधकांनी जोरदार आक्षेप घेतले.

वरील उदाहरणातील ३४ ग्रॅम बचतीतून हे आकडे वजा करून पाहावेत. १२ ग्रॅम धरले तर २२ ग्रॅम बचत उरते, १९.८ धरले तर सुमारे १४. ३० धरले तर अवघी ४. १०४ धरले तर ७० ग्रॅमचा तोटा. हे आकडे अमेरिका व युरोपच्या परिस्थितीसाठी काढलेले असल्याने सौंसरच्या शेताला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण अप्रत्यक्ष बदल शून्य धरणे हेही एक गृहीतकच आहे आणि ते सर्वांत सोयीचे आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

बदलाची जबाबदारी कोणाची?

अंदाज करताना आणखी एक प्रश्न टाळता येत नाही : इथेनॉल नसते तर काय झाले असते? डिंक्या रोगाने वा पाण्याअभावी वाळलेली बाग शेतकरी तशीही काढणारच होता, तर तिचे ३३ टन इथेनॉलच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. उलट चांगली बाग केवळ मक्याच्या भावामुळे काढली असेल, तर ते सगळे त्याच खात्यावर जाते. हा भेद उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. शेतकऱ्याला विचारल्यावर कळतो. म्हणून या अभ्यासात प्रश्नावलीचे महत्त्व प्रयोगशाळेइतकेच आहे. शेतकऱ्याचा निर्णय भाव, मजुरी, पाणी व कर्ज यांवर ठरतो. त्याला प्रदूषक ठरवण्यासाठी हा हिशेब नाही. कोणत्या जमिनीवरच्या इंधनाला ‘हरित’ म्हणून प्रोत्साहन द्यावे, हे ठरवणाऱ्यांसाठी तो आहे.

निष्कर्ष

१) वार्षिक पिकाखालील शेतात इंधनाचे पीक घेतल्यास प्रत्यक्ष उत्सर्जन नगण्य असते, तेथे अप्रत्यक्ष बदलाचा विचार आवश्यक आहे.

२) चांगल्या स्थितीतील संत्र्याची बाग काढून घेतलेला मका, वरील गृहीतकांनुसार, कार्बनच्या दृष्टीने तोट्याचा आहे.

३) पडीत रानाबाबतचे उत्तर संदर्भ तक्त्यावर अवलंबून आहे. ते निश्चित करण्यासाठी न नांगरलेल्या व नांगरलेल्या जागांची जोडीने तपासणी हाच मार्ग आहे.

४) प्रत्येक अंदाजासोबत हवामानाचा वर्ग, तक्त्याचे वर्ष, वाटपाची वर्षे व अप्रत्यक्ष बदलाचा आकडा ही चार गृहीतके लिहिली पाहिजेत. ती न लिहिलेला आकडा पडताळता येत नाही.

सौंसर-पांढुर्णा परिसरातील महाविद्यालयांत येणारे अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील आहेत. आपल्याच शिवारातील दोन जागांची माती, खसरा नोंद आणि घरच्या शेताचा मक्याचा उतारा एवढ्या सामग्रीवर रसायनशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र या तीन विभागांना मिळून एका वर्षाचा प्रकल्प हाती घेता येईल. न नांगरलेल्या काळ्या रानात किती कार्बन आहे, हे त्या प्रकल्पातून कळेल. आणि तिसऱ्या उदाहरणातील ७१ वर्षे खरी की साडेसात, याचे उत्तर त्याच आकड्यावर अवलंबून आहे.